तासांचा धंदा

भारतातल्या आयटी उद्योगाचा इतिहास सांगायचा तर १९९१ पासून सुरुवात करायची, अशी रीतच पडून गेली आहे. आधी उदारीकरणाचा अर्थसंकल्प, मग वायटूकेची लाट, मग हिंजवडी आणि बंगळुरूतल्या काचेच्या इमारती, असा तो क्रम असतो. सरकारने हात आखडता घेतला आणि भारतीय बुद्धीला वाव मिळाला, हे त्याचे तात्पर्य. ही गोष्ट खोटी नाही. पण मोठ्या आयटी सेवा कंपनीत गळ्यात ओळखपत्र अडकवून शिरणाऱ्या इंजिनिअरचे काम आज जसे आहे तसे का आहे, हे तिच्यातून उमगत नाही. आठवड्याच्या शेवटी टाइमशीट का भरायची, प्रोजेक्ट संपून ‘बेंच’वर यायची धास्ती का वाटते, नोटीस पिरियड तीन महिन्यांचा का, आणि वकिलाची किंवा डॉक्टरची किंमत अनुभवाने वाढते तेव्हा पंधरा वर्षे मुरलेला इंजिनिअर कंपनीला महाग का वाटू लागतो, या प्रश्नांची मुळे १९९१ च्या आधीच्या वीस वर्षांत आहेत. माझे म्हणणे असे की या धंद्याने प्रामुख्याने विकला तो माणसांचा वेळ. हा आकार संगणकाच्या तंत्रातून आला नाही, भारतीयांच्या स्वभावातूनही आला नाही. परकीय चलनाची टंचाई, आयातीवरचे निर्बंध आणि कारकुनांच्या नोकऱ्या वाचवण्याची त्या काळातली धडपड यांनी तो घडवला. पुढे निर्बंध गेले, आकार मात्र तोच राहिला.

१९६८ मध्ये टाटा सन्सचा एक विभाग म्हणून मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे आजची टीसीएस, सुरू झाली. पुढच्या वर्षी टाटा इलेक्ट्रिकमधून फकीरचंद कोहली तिथे आले. वीजपुरवठ्याच्या जाळ्याचे नियंत्रण हा त्यांचा मूळ विषय, आणि संगणकाकडे ते त्या कामाचे साधन म्हणून पाहत आले होते. कंपनीची सुरुवातीची कामे पाहिली की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. टिस्कोसाठी पंचकार्डांवरचे काम, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधल्या व्यवहारांचा ताळमेळ, युनिट ट्रस्टची हिशेबाची कामे, असे त्यांचे स्वरूप होते. गिऱ्हाईक इथले आणि अडचणही इथलीच. हा व्यवसाय देशातल्या बँका, विमा कंपन्या, कारखाने आणि सरकारी खाती यांच्या गरजांवर वाढू शकला असता. तसे झाले असते तर इंजिनिअरच्या कामाचे मोल त्याने ग्राहकाचा किती खोळंबा वाचवला यावर ठरले असते. तो रस्ता लवकरच अरुंद झाला.

याचे कारण त्या काळातल्या रोजगाराच्या प्रश्नात होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाने संगणक बसवायला घेतले तेव्हा कोलकात्यात कर्मचाऱ्यांनी मोठे आंदोलन उभारले. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वयंचलन समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. संगणकाने किती माणसांची कामे जातील, हा त्या काळातला रास्त प्रश्न होता आणि सरकारने तो गांभीर्याने घेतला. बँकांमध्ये तर १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला आणि १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, तेव्हा कुठे यांत्रिकीकरणाला मर्यादित वाट मिळाली. या भूमिकेची टिंगल करण्याचे कारण नाही. बेरोजगारी खरी होती. पण तिचा एक परिणाम कुणी मोजला नाही. देशातल्या कारकुनाची जागा घेणारा संगणक संशयित ठरला आणि डॉलर आणणारा संगणक स्वागतार्ह. देशी बाजारपेठ अशी बंद राहिली की देशी सॉफ्टवेअर बनवून विकण्यात कुणाला रस उरत नाही. संगणक प्रोग्रॅमला कॉपीराइट कायद्याचे संरक्षणही १९८४ च्या दुरुस्तीनेच मिळाले. उरली ती निर्यात.

निर्यातीचे नियमही असे होते की त्यांनी धंद्याला एका विशिष्ट वळणावर नेले. परकीय चलन वाचवायचे म्हणून संगणकाच्या आयातीवर परवाने आणि जबर शुल्क. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून सरकारने एक पळवाट ठेवली. यंत्र आणा, पण ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या रकमेचे सॉफ्टवेअर निर्यात करण्याची हमी द्या. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीचे क्षेत्र सुरू झाले. १९७४ मध्ये टीसीएसने अमेरिकेच्या बरोज कंपनीशी संबंध जोडला. सुरुवातीच्या कामांपैकी एक होते रुग्णालयाच्या हिशेबाच्या पॅकेजचे. ते बरोजच्या एका मालिकेच्या यंत्रांसाठी कोबोलमध्ये लिहिलेले होते आणि दुसऱ्या मालिकेच्या यंत्रांवर चालेल असे करून द्यायचे होते. ज्या यंत्रासाठी काम करायचे ते यंत्रच हाताशी नव्हते. कंपनीच्या माणसांनी ते काम आयसीएल १९०३ या वेगळ्याच संगणकावर पार पाडले. यात चातुर्य होते यात शंका नाही. पण विकले काय गेले ते नीट पाहायला हवे. पॅकेजची मालकी दुसऱ्याची, यंत्र दुसऱ्याचे, रुग्णालयाच्या हिशेबाची गरज दुसऱ्या देशातली. भारतीय बाजूने त्यात घातले ते फक्त प्रोग्रॅमरचे श्रम, आणि श्रम मोजायचे माप वेळ हेच.

विदेशी चलन नियमन कायद्याच्या वादात १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सीएमसी या सरकारी संगणक कंपनीकडे गेले आणि भारतीय प्रोग्रॅमरना एकाच कंपनीच्या यंत्रांना चिकटून राहणे शक्य राहिले नाही. मिळेल त्या यंत्रावर काम करण्याची सवय त्यांना लागली. १९८१ मध्ये पुण्यात सात जणांनी इन्फोसिस स्थापन केली, तेव्हा कंपनीकडे स्वतःचा संगणकच नव्हता. तो आयात करण्याचा परवाना मिळवायला दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत होत्या, आणि टेलिफोनचे कनेक्शन मिळणेही वर्षानुवर्षांचे काम होते. यंत्र इथे नाही, दूरसंचार नाही, गिऱ्हाईक न्यूयॉर्कमध्ये. अशा वेळी एकच गोष्ट विमानात बसवून पाठवता येते, ती म्हणजे माणूस. ऐंशीच्या दशकातली बहुतांश सॉफ्टवेअर निर्यात ग्राहकाच्या कार्यालयात बसून झाली, आणि टीकाकारांनी तिला ‘बॉडी शॉपिंग’ म्हटले. त्यात उपरोध होता, पण वर्णन चूक नव्हते. बिल ‘मॅन-मंथ’च्या हिशेबाने लागे. किती माणसे, किती महिने, काय दर. आयटी सेवा कंपनीची सारी व्यवस्था या त्रैराशिकावर उभी राहिली.

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत केंद्र उघडले आणि उपग्रहाच्या दुव्याने ते अमेरिकेशी जोडले. १९९० मध्ये पुणे, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले आणि पुढच्या वर्षी त्यांची एक देशव्यापी संस्था झाली. आता माणूस न पाठवता काम इथून पाठवता येऊ लागले. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसाला वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली. ती काही काळ १ लाख ९५ हजारांपर्यंत वाढली आणि २००४ मध्ये पुन्हा ६५ हजारांवर आली. त्यामुळेही काम भारतात आणण्याची घाई वाढली. न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यातला साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक सोयीचा ठरला. तिकडे ऑफिस सुटले की इकडे सुरू. इथे अनेकांना वाटते की धंदा बदलला. तो बदलला नाही; कामाची जागा बदलली. ऑनसाइट तासाऐवजी ऑफशोअर तास विकला जाऊ लागला, एवढेच. ऑफशोअर तास स्वस्त असल्याने तो जास्त प्रमाणात विकावा लागतो, आणि त्यासाठी माणसे फार मोठ्या संख्येने लागतात.

ती माणसे कुठून आली, याचे उत्तर महाराष्ट्राला विशेष जवळचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाची घडी कायमची विस्कटली. त्याच्या पुढच्याच वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्या निर्णयावर तेव्हा कडाडून टीका झाली. शिक्षणाचा बाजार होईल, कॅपिटेशन फी बोकाळेल, दर्जा घसरेल, हे आक्षेप बऱ्याच अंशी खरेही ठरले. पण त्या निर्णयाने आणि कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र यांनी घेतलेल्या तशाच निर्णयांनी दरवर्षी पदवीधरांची मोठी फौज बाहेर पडू लागली. संप आणि हा निर्णय या दोन घटनांमध्ये थेट कार्यकारणसंबंध नव्हता. गिरणी कामगारांची मुले रांगेने प्रोग्रॅमर झाली नाहीत. मात्र एका पिढीत महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय स्वप्नाचा पत्ता परळ-लालबागकडून हिंजवडी-खराडीकडे सरकला. सांगली, सोलापूर, जळगाव, नांदेडकडच्या घरांतून शेतीच्या किंवा शिक्षकाच्या पगाराच्या आधारावर एक मुलगा-मुलगी इंजिनिअर करायची, हा घरोघरीचा बेत झाला.

या पुरवठ्याशिवाय सेवा कंपन्यांचा ‘पिरॅमिड’ उभाच राहिला नसता. समजुतीपुरते गणित मांडू. ग्राहक ऑफशोअर तासाला २५ डॉलर देतो, माणूस दिवसाला ८ तास आणि वर्षात २२५ दिवस कामावर लावता येतो, असे धरले तर एका माणसामागे वर्षाला ४५ हजार डॉलर येतात. दर ग्राहकाशी ठरलेला, तो कंपनीला मनासारखा वाढवता येत नाही. मग नफा वाढवायचे मार्ग दोनच. एक, माणूस रिकामा बसू द्यायचा नाही. दुसरा, त्याच दरात खालच्या थराला जास्तीत जास्त नवखी माणसे बसवायची आणि वर मोजके अनुभवी ठेवायचे. म्हणून कंपन्यांनी कॅम्पसमध्ये शाखा पाहिली नाही. मेकॅनिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन, कुणीही चालेल, दहावी-बारावी-पदवीला साठ टक्के असले की झाले. बाकीचे काही महिन्यांच्या प्रशिक्षणात. महाविद्यालयांच्या दर्जाला दोष देणारे उद्योजक एक गोष्ट विसरतात, की खरेदीदाराने जे मागितले तेच महाविद्यालयांनी पुरवले. २०१० च्या सुमारास फ्रेशरला वर्षाला तीन-सव्वातीन लाखांचे पॅकेज मिळत होते, आणि पंधरा वर्षांनंतरही मोठ्या सेवा कंपन्यांत तो आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो. या काळात पुण्यातल्या घरभाड्याचे काय झाले ते वाचकाला सांगायला नको. पिरॅमिडचा पाया महाग होऊ देणे या गणिताला परवडत नाही, म्हणून तो झाला नाही.

वायटूकेने, म्हणजे २००० साल उजाडताना संगणकांपुढे आलेल्या तारखेच्या अडचणीने, हे गणित पक्के केले. वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या जुन्या कोबोल प्रोग्रॅममधल्या ओळीन् ओळी तपासायच्या होत्या. त्याला प्रतिभेपेक्षा संख्या आणि शिस्त लागत होती, आणि दोन्ही भारताकडे होत्या. त्याच सुमारास सीएमएम या गुणवत्ता श्रेणीची धाव सुरू झाली आणि तिच्या पाचव्या पातळीवर भारतीय केंद्रांची मोठी रांग लागली. कामाची पद्धत लिहून ठेवणे, दर टप्प्यावर तपासणी, नोंदी, यामुळे चुका कमी झाल्या हे मान्यच करायला हवे. पण या कागदपत्रांचा दुसरा उपयोगही तितकाच मोलाचा होता. काम अमुक माणसाच्या डोक्यात राहिले नाही, म्हणून माणूस बदलता येऊ लागला. एकाच्या जागी दुसरा बसवला तरी ग्राहकाला फरक कळू नये, हे सेवा कंपनीचे खरे कौशल्य. ते मोठे कौशल्य आहे. फक्त ते कंपनीचे आहे, इंजिनिअरचे नव्हे.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये बदली कामगारांची पद्धत होती. कायम कामगार आला नाही तर त्याची जागा भरायला बदली रोज सकाळी गेटवर हजर राहत. काम मिळाले तर मजुरी, नाही तर परत घरी. आयटी कंपनीचा ‘बेंच’ म्हणजे हीच राखीव फळी, फक्त गेटच्या आत घेतलेली आणि पगारी. कारण साधे होते. परदेशी ग्राहकाने उद्या दहा माणसे मागितली तर ती उद्याच दाखवता आली पाहिजेत, आणि बिलाच्या दराच्या तुलनेत पगार इतका कमी होता की काही टक्के माणसे रिकामी पोसणे परवडत असे. म्हणजे बेंचवरचा पगार हा कंपनीचा उदारपणा नव्हता आणि इंजिनिअरचा हक्कही नव्हता. दर आणि पगार यांच्यातल्या फटीने दिलेली ती सवलत होती. फट आवळली की सवलत आवळणार. जून २०२५ पासून टीसीएसने नियम केला की कर्मचाऱ्याचे वर्षात किमान २२५ दिवस बिल व्हायला हवेत आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाऊ नयेत. पुण्यातल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेने त्याविरुद्ध तक्रार केली. कंपनीच्या हिशेबात मात्र हा नियम नवा नव्हता; जे गणित पन्नास वर्षे वहीत होते ते नियमावलीत आले.

हे सारे जुन्या काळाचे झाले, आता कंपन्या ‘डिजिटल’ आणि ‘कन्सल्टिंग’ करतात, असे कुणी म्हणेल. त्याची कसोटी सोपी आहे. विकायची वस्तू तास असेल तर उत्पन्न आणि माणसे जोडीने वाढतील. वस्तू दुसरी काही असेल तर उत्पन्न पुढे जाईल आणि माणसे मागे राहतील. मार्च २०१५ ला संपलेल्या वर्षात टीसीएसचे उत्पन्न सुमारे १५.५ अब्ज डॉलर होते आणि कर्मचारी ३ लाख २० हजारांच्या आसपास. मार्च २०२५ ला उत्पन्न ३० अब्ज डॉलरच्या थोडे वर आणि कर्मचारी ६ लाख ८ हजारांच्या जवळ. माणशी उत्पन्न दहा वर्षांपूर्वी ४८ हजार डॉलर, आता ५० हजारांच्या आत. महागाई धरली तर ते घटलेच. इन्फोसिसने हे ओळखले नव्हते असे नाही. २०११ मध्ये ‘इन्फोसिस ३.०’ या नावाने उत्पादने आणि प्लॅटफॉर्म यांच्याकडे वळण्याची घोषणा झाली. पुढे कंपनीचे प्रमुख विशाल सिक्का यांनी २०२० साठी २० अब्ज डॉलर उत्पन्न आणि माणशी ८० हजार डॉलर असे लक्ष्य ठेवले. २०१७ मध्ये सिक्का गेले. मार्च २०२५ ला माणशी आकडा ६० हजारांच्या आसपास होता. भांडवल, मनुष्यबळ आणि इच्छा हे सगळे असूनही ज्यातून बाहेर पडता येत नाही, ती घट्ट बसलेली व्यवस्था असते. एखाद्या प्रमुखाच्या चुकीने तिचा खुलासा होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की वकील, सनदी लेखापाल, सल्लागार सगळेच वेळ विकतात, मग आयटीलाच का बोल? फरक महत्त्वाचा आहे. वकिलाचा तास विकला जातो तो त्याच्या नावाने. ज्येष्ठ वकिलाचा तास कनिष्ठाच्या तासापेक्षा कितीतरी महाग असतो आणि ग्राहक त्यासाठीच येतो. मोठ्या आयटी सेवा कंपनीत ग्राहक ‘पाच वर्षे अनुभवाचा जावा डेव्हलपर’ विकत घेतो, अमुक माणूस नव्हे. म्हणून अनुभव एका मर्यादेपर्यंतच किमतीत उतरतो. त्यापुढे पगार चढत जातो आणि दर थांबतो. मग माणसाला मॅनेजर करून बिलाबाहेर काढायचे किंवा त्याच्या जागी स्वस्त माणूस आणायचा. चांगला प्रोग्रॅमर वीस वर्षे प्रोग्रॅमरच राहिला तर त्याचा सन्मान व्हावा, अशी शिडी या धंद्यात रुजली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतीय कंपन्यांनी निव्वळ मजुरी केली हे म्हणणे अन्यायाचे आहे, असे जाणकार सांगतात, आणि त्यांच्याकडे पुरावे आहेत. १९८९ मध्ये टीसीएसने स्वित्झर्लंडच्या सेगाइंटरसेटल या संस्थेसाठी रोख्यांच्या व्यवहारांची प्रणाली उभी केली. तो अनुभव पुढे १९९६ मध्ये आपल्याकडे एनएसडीएलची डिपॉझिटरी उभारताना कामी आला, आणि शेअरच्या कागदी प्रमाणपत्रांचे युग संपले. सीएमसीने रेल्वेच्या आरक्षणाची संगणकीय व्यवस्था दिल्लीत १९८६ च्या सुमारास सुरू करून दिली. सीप्झमध्ये १९८५ मध्ये सुरू झालेल्या सिटीकॉर्पच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कुळातून ‘फ्लेक्सक्यूब’ हे बँकिंग उत्पादन निघाले आणि जगभरच्या बँकांनी ते घेतले. ही उदाहरणे माझ्या म्हणण्याला छेद देत नाहीत, उलट ते पक्के करतात. इंजिनिअर तेच, महाविद्यालये तीच, शहर तेच. जिथे विकायची वस्तू प्रणाली किंवा उत्पादन होती तिथे त्यांनी जगाच्या तोडीचे काम केले. मर्यादा त्यांच्या बुद्धीची नव्हती, व्यवहाराच्या रूपाची होती.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो मी सर्वात जास्त मानतो. या धंद्याने लाखो कुटुंबांना एका पिढीत वर काढले. वशिला नाही, जात विचारणे नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण लेखी परीक्षा आणि मुलाखतीच्या बळावर खेड्यातल्या पहिल्या पदवीधराला नोकरी मिळाली, मुलींना घराबाहेर आणि देशाबाहेर पडता आले, आईवडिलांच्या डोक्यावरचे कर्ज फिटले. दुसऱ्या कुठल्या खासगी उद्योगाने एवढ्या मोठ्या संख्येने हे केले? मला उत्तर सापडत नाही. पण उपकार मानणे वेगळे आणि रचना टिकेल असे मानणे वेगळे. गिरण्यांनीही कोकण आणि घाटावरच्या लाखो घरांना तीन पिढ्या जगवले होते. म्हणून १९८२ नंतरचे अरिष्ट टळले नाही.

आयटीत तसा संप झाला नाही, याचे कारणही तासांच्या व्यवहारातच आहे. इथे गाऱ्हाण्याचे हत्यार राजीनामा हे होते. दुसरी कंपनी तीस टक्के वाढ देत असेल तर संघटना कशाला? जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिसमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले होते. एवढ्या संख्येने माणसे नोकरी सोडून आपली वाढ मिळवत होती. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड हा कंपन्यांनी त्यावर काढलेला तोडगा, कारण माणूस अचानक गेला की बिल थांबते. हे हत्यार चालते ते मागणी आहे तोवरच. मागणी ओसरली की नोकरी बदलणारा एकटा पडतो, आणि सामूहिक वाटाघाटीची सवय त्याला कधी लागलेलीच नसते. २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या वादात दोन्ही बाजू एका गोष्टीवर नकळत सहमत होत्या. कामाचे माप तास हेच, भांडण फक्त किती याचे.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. मोठी कंत्राटे आता तासावर नसतात, काम ठरवून किंमत ठरते. मग तास कुठे राहिले? किंमत ठरवताना कंपनी आतून काय मोजते, हे पाहिले की उत्तर मिळते. अंदाजपत्रक अजूनही किती माणसे किती महिने यावरच बांधले जाते, आणि पुढच्या नूतनीकरणाला ग्राहक विचारतो, एआयने तुमचे काम तीस टक्क्यांनी कमी झाले ना, मग दर कमी करा. वाचलेला तास पहिल्यांदा कंपनीच्या नफ्यात जातो, नंतर ग्राहकाच्या खिशात. तो वाचवणाऱ्या इंजिनिअरच्या वाट्याला काही येत नाही. उलट त्याची गरजच कमी होते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यात भर मधल्या आणि वरच्या थरावर होता. याला एआय कारण नाही, कौशल्ये जुळत नाहीत हे कारण आहे, असे कंपनीने सांगितले. ते खरे मानले तरी पंधरा-वीस वर्षे त्याच कंपनीत काम केलेल्या माणसाची कौशल्ये का जुळेनात, याची जबाबदारी त्याला बिलाच्या हिशेबाने एका प्रोजेक्टवरून दुसऱ्यावर ठेवणाऱ्या रचनेवरही येते. दरम्यान परदेशी बँका आणि कारखानदार पुण्यात, हैदराबादेत आपली स्वतःची केंद्रे उघडून तीच माणसे थेट नोकरीवर घेत आहेत. त्यांना तास नकोत, आपल्या कामाची जाण असलेली माणसे हवीत.

म्हणून या इतिहासाचा निकाल माझ्या मते असा आहे. टंचाईच्या काळात तास विकणे हा शहाणपणाचा निर्णय होता, त्याने देशाला डॉलर आणि लाखो घरांना स्थैर्य दिले. टंचाई संपल्यावर तीस वर्षे तेच विकत राहणे ही व्यवस्थापनाची आणि धोरणकर्त्यांची चूक होती, आणि तिची किंमत आता इंजिनिअर मोजतो आहे. राज्य सरकारने अभियांत्रिकीच्या जागा एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर वाढवू नयेत, आणि महाविद्यालयांनी मेकॅनिकलच्या मुलाला मेकॅनिकलच शिकवावे. आणि जो विद्यार्थी आज ऑफर लेटर हातात घेऊन विचार करतो आहे, त्याने पायथॉन शिकावे की क्लाउड, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणतात, तेव्हा त्याने एवढेच विचारावे की माझ्या कामाचे बिल ग्राहकाला कशाच्या हिशेबाने लागणार आहे. पुढच्या पंधरा वर्षांचा बराचसा अंदाज त्या उत्तरातून येईल.